ऑर्विल स्ट्रूप यांच्या पिछाडीच्या टर्बोची कैफियत

सर्व थोरांस, आणि हाती पाना न धरता इंजिनाविषयी मते देणाऱ्या सर्व विद्वानांस कळावे की, ओहायो प्रांती, मक्याचे मुलखात, राजश्री ऑर्विल स्ट्रूप, शाळेच्या पिवळ्या बसचे तीस वर्षांचे सारथी, यांनी आपल्या जुन्या स्टेशन वॅगनीस पिछाडीस टर्बो जोडून जी मोहीम केली, तिजविषयी गावात नाना वावड्या उठल्या, याजकरिता खरे वर्तमान कोणाची भीड न धरता लिहिले जाते.

मोहिमेचे मूळ गॅरेज. ते आयडेलासाहेब, म्हणजे ऑर्विल यांचे कुटुंब, यांच्या तीर्थरूपांनी बांधिले, दोन गाड्यांचे. एके बाजूस वॅगन आणि दुसरे बाजूस आयडेलासाहेबांचे धाकटे बंधू गार्लंड फिस्टर यांची तांबडी दोनदारी गाडी, ऐशा वीस वर्षे नांदत आल्या. मग जूनमासी आयडेलासाहेबांचे फर्मान सुटले की, मातीची भांडी भाजावयाची भट्टी येत आहे, तीस निम्मे गॅरेज लागेल, बर्फापूर्वी एक गाडी बाहेर काढावी, कोणती ते उभयतांनी ठरवावे. बाहेर म्हणजे बर्फ, आणि तो वितळावा म्हणोन रस्त्यावर टाकलेले, लोखंड खाणारे मीठ. वॅगनीचा तळ आधीच गंजून पापड जाहला होता. एक हिवाळा बाहेर काढिती तर आसनाखालून रस्ता दिसता. दोघे शहाणे असते तर बोलून निकाल लाविते. परंतु दोघे पुरुष होते, म्हणोन शर्यत ठरली, गावाबाहेरील शर्यतीच्या सरळ पट्टीवर, तीन धावांची; हरेल त्याची गाडी बाहेर.

गार्लंड यांचे गाडीस टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारे चक्र, ते हवा दाबून पुन्हा इंजिनाचे मुखी कोंबते, येणेकरून बळ वाढते. त्यांचा टर्बो पुढे, इंजिनास खेटून. ऑर्विल यांनी वॅगनीचे बॉनेट उघडिले तो आत बोट शिरावयास जागा नाही. थंड हवेचे यंत्र काढिता जागा होती, परंतु आयडेलासाहेबांच्या हुजुरांतून जाब आला.

"एसीला हात लावलास ना, तर मी चर्चला शेजारणीच्या गाडीतून जाईन. आणि का ते सगळ्यांना सांगेन."

मग ऑर्विल यांनी संगणकावर विद्वानांची मसलत घेतली. निम्मे बोलिले की, टर्बो मागे, सायलेन्सर काढून त्या जागी टांगावा, तेथे ऐसपैस जागा, इंजिनाजवळ ताप नाही, आणि हवा लांब नळीने पुढे येता येता निवते. निम्मे बोलिले की, ऐसे करणारा मूर्ख; धूर बारा फूट चालून थंडावतो, चक्र जागे होईतो शत्रू घरी पोहोचतो, मागे तेल पोहोचवावे लागते, परत आणण्यास निराळा पंप लागतो, आणि वरून रस्त्याचा चिखल. दोन्ही पक्ष खरे बोलत होते, म्हणोन कोणी कोणाचे ऐकेना, आणि तिसरे दिवशी एकमेकांच्या आयांचा उद्धार सुरू जाहला. त्यांतील एकाचेही गाडीस टर्बो नव्हता, पुढे नाही आणि मागेही नाही.

दोन मास ऑर्विल वॅगनीखाली उताणे पडून राहिले, आणि टर्बो मागे चढला. मग रविवारी स्वारी चर्चला निघाली, तो चर्चच्या दाराशीच डबके, आणि बंपराखालील हवेच्या गाळणीने त्यातील पाणी यथेच्छ प्राशन केले. वॅगन खोकली, शिंकली आणि पाद्रीसाहेबांसमोर निपचित पडली. गार्लंड पायरीवर उभे होते.

"अरे, बाप्तिस्मा माणसांना देतात!"

ऑर्विल लाजेने लालबुंद जाहले, परंतु आयडेलासाहेबांनी घरी जाऊन टर्कीकोंबडी भाजावयाचे मोठे पातेले आणून पुढ्यात टाकिले आणि ते गाळणीखाली ढाल म्हणोन ठोकण्याची आज्ञा केली. बंधूचा हशा त्यांस रुचला नव्हता.

सप्टेंबरअखेर शनिवारी दुपारी उभय दळे पट्टीवर भिडली. लोक घडीच्या खुर्च्या मांडून, मक्याची कणसे खात बसले. हिरवा दिवा लागला, आणि गार्लंड बाणासारखे सुटले, आणि ऑर्विल यांनी पाय दाबिला तो वॅगनीने कचेरीतील कारकुनाप्रमाणे अर्ज वाचून विचार केला. चक्र जागे जाहले तेव्हा अर्धी पट्टी सरली होती. पहिली धाव गेली, पाच गाड्यांच्या अंतराने.

गार्लंड खिडकीतून बोलिले, "टर्बो मागे आहे म्हणालास, पण इतका मागे?"

दुसरे धावेआधी कोणाचे तेल पट्टीवर सांडले, ते पुसेपर्यंत रांगेत तीन घटका खोळंबा. गार्लंड डौलासाठी इंजिन चालू ठेवून घुरघुरत राहिले, आणि त्यांचा टर्बो बॉनेटाखाली भट्टीसारखा तापला, आणि इंजिनास ठिणगी पुरविणाऱ्या दोन तारा वितळल्या. तांबडी गाडी लंगडत गेली आणि वॅगन, जिची आग पिछाडीस उघड्या वाऱ्यावर होती, सावकाश परंतु शाबूत, आधी पोहोचली. गार्लंड यांनी रांगेतील शेजाऱ्याकडे तारा उसन्या मागितल्या आणि जोडिल्या. आता एक धाव उरली.

ऑर्विल घामाघूम. आयडेलासाहेब खिडकीशी आल्या.

"डाव्या पायाने ब्रेक दाब, उजव्याने गॅस दे. चक्र फिरायला लागलं की मग सोड."

"दोन पायांनी? अगं, तीस वर्षं मी नव्या ड्रायव्हरांना शिकवतोय की असं कधी करायचं नाही!"

"मागे शाळेतली पोरं बसलीयत का?"

ऑर्विल यांनी मागे वळून पाहिले. पोरे नव्हती. मग त्यांनी दात आवळून उभय पाय दाबिले, आणि वॅगन ढुंगण टेकून थरथरू लागली, आणि मागून शिट्टी उठली, आणि हिरवा दिवा लागताच डावा पाय सुटला, आणि तो सवातीन हजार पौंडांचा संसार गार्लंड यांचे बरोबरीने निघाला. अर्ध्यावर गार्लंड नाकभर पुढे, मग वॅगन नाकभर पुढे. इतक्यात तेल परतविणारा पंप मेला, तेल टर्बोत साचले आणि पिछाडीतून निळ्या धुराचा ऐसा लोट उठला की पट्टी, प्रेक्षक, कणसे, सर्व गडप जाहले. विजय कोणीही पाहिला नाही. धूर निवळला तेव्हा वॅगन रेषेपलीकडे इंजिन बंद करून उभी, आणि वेळ मोजणाऱ्यांच्या खिडकीतून आलेल्या कागदावर ऑर्विल यांचे नाव वर, अकरा शतांश सेकंदांनी.

ऑर्विल यांनी कागद तीनदा वाचिला, आणि चष्मा पुसण्याचे निमित्त करून डोळे पुसिले. इंजिन पुन्हा सुरू करावे तर उरले तेलही जाते. गार्लंड काही वेळ लाथेने गवत उडवीत राहिले, मग येऊन त्यांनी वॅगनीच्या मागल्या दारास खांदा लाविला.

"एवढा टर्बो मागे लावलास," ते बोलिले, "आणि शेवटी मागून ढकलायला मीच."

"बोलू नकोस, ढकल," आयडेलासाहेबांनी दुसरा खांदा लावीत हुकूम केला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. निम्मे गॅरेज भट्टीस, निम्मे वॅगनीस मिळाले, तांबडी गाडी ताडपत्रीखाली गेली. विजयी गाडी पराभूताने अर्धा मैल ढकलीत नेली, आणि सुकाणूवर ऑर्विल स्ट्रूप सरळ ताठ बसून, रिकाम्या रस्त्यास डावीकडे वळण्याचा दिवा दाखवीत होते. लिहिले ते तंतोतंत घडले, उणेअधिक नाही.