राखाडी कापडातले साप

कॅमेऱ्याच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही! हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कॅमेऱ्यातलं कुणालाच काही कळत नाही. बायकोला नाही, आणि मेव्हण्याला तर नाहीच नाही.

बायको शिवणकाम करते. आजवर तिने लोकांच्या बाह्या आखूड आणि कंबरा सैल करण्यात दिवस काढले. आता एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या माणसांचे गणवेश शिवायचं काम तिच्या हातात येऊ घातलं होतं. कापड तिने स्वतः निवडलं होतं. राखाडी, आणि त्यावर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा. हॉटेलच्या मालकीणबाईंना दुपारच्या आत त्याचा फोटो हवा होता. बायकोने मोबाइल उचलला आणि माझं डोकंच सणकलं.

"ठेव तो खाली! घरात एवढा कॅमेरा असताना मोबाइल?"

"अहो, नुसतं कापड तर दाखवायचंय."

"नुसतं? या कॅमेऱ्याने काढलं तर बाई एकेक धागा मोजून घेतील!"

थाप नव्हती ती. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढे एक काच असते, ती चित्र मुद्दाम किंचित पुसट करते. माझ्या कॅमेऱ्यात ती काढूनच टाकलेली आहे. तपशील असा येतो की माणसाच्या नाकावरचं छिद्र न् छिद्र दिसतं. म्हणून तर घरात कुणी माझ्याकडून फोटो काढून घेत नाही.

मी फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. राखाडी कापडावर गुलाबी-हिरवे पट्टे सापासारखे वळवळत होते!

"अगं बाई! हे काय?"

"इस्त्री नीट केली नाहीस!" मी ओरडलो.

तिने बिचारीने पुन्हा इस्त्री केली. साप आणखी जाडजूड झाले. मग मी खिडकीवर चिडलो, दिव्यावर चिडलो, टेबलाला एक लाथ घातली. टेबलाला काही झालं नाही, अंगठा मात्र सुजला. तेवढ्यात गळ्यात आपला कॅमेरा अडकवून मेव्हणा हजर! आगीत तेल ओतायला याला कुणी बोलवावं लागत नाही.

"भावोजी, हे होणारच," तो हसत म्हणाला. "तुमचा सेन्सर म्हणजे बारीक खिडक्यांची जाळी. एकेका खिडकीवर एकच रंगीत काच. लाल, हिरवी नाहीतर निळी. खिडकीला दिसतो एक रंग, बाकीचे दोन कॅमेरा शेजारपाजारच्या खिडक्यांना विचारून ठरवतो."

"म्हणजे अंदाजपंचे?" बायकोने विचारलं.

"अंदाज नाही, गणित आहे ते!" मी कडाडलो.

"गणितच," मेव्हणा म्हणाला, "पण कापडाच्या रेघा इतक्या बारीक झाल्या की खिडक्यांच्या रांगा आणि रेघा एकमेकींत अडकतात आणि गणित चुकतं. माझ्या सेन्सरमध्ये तीन थर आहेत, एकाखाली एक. प्रत्येक ठिपका तिन्ही रंग स्वतः पाहतो. शेजाऱ्याला विचारायची गरजच नाही."

"मग काढ की! दाखव तुझे तीन थर!"

त्याने काढला. साप नव्हते, हे कबूल करावं लागेल. पण त्याच्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागतो आणि आमची मागची खोली अंधारी. कापड असं हिरवट आणि डागाळलेलं आलं, जणू आठवडाभर ओलं राहिलं होतं.

"बुरशी आली की रे तुझ्या थरांना!"

"बुरशी परवडली, पण साप नकोत!"

"मी मोबाइलने काढू का?" बायकोने विचारलं.

"नाही!" आम्ही दोघे एकदम ओरडलो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते एवढंच. शेवटी मीच तावातावाने त्यातल्या त्यात कमी साप असलेला फोटो पाठवून दिला. खाली लिहिलं, 'एकेक धागा पाहा!'

लगेच फोन आला. "अहो, माझं हॉटेल आहे, सर्कस नाही!" मालकीणबाईंचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"बाई, कापड राखाडीच आहे हो," बायको काकुळतीला आली. "तो कॅमेऱ्याचा दोष आहे."

कॅमेऱ्याचा दोष! माझ्या घरात, माझ्यासमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाईंनी तिला कापड घेऊन तातडीने बोलावलं. नमुन्याचा कोट अंगात घालून ती निघाली. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण कॅमेऱ्याची अब्रू गेली असताना मी घरी कसा बसणार?

हॉटेलात बाईंनी कापड चाचपलं, कोटाची कॉलर उलटून पाहिली, काजं पाहिली. "सुरेख! मी उगाच त्या फोटोला घाबरले. भलताच टाकाऊ कॅमेरा दिसतो तो," असं म्हणत त्यांनी सही करायला पेन काढलं. बायकोचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. पण माझ्या कानात 'टाकाऊ' एवढाच शब्द घुमत होता.

आणि मला दिसलं! काउंटरमागे दारावरच्या कॅमेऱ्याचा पडदा होता. त्यात माझी बायको पाठमोरी उभी होती, आणि तिच्या पाठीवर गुलाबी-हिरवे साप वळवळत होते!

"बघा! बघा!" मी नाचायचाच बाकी होतो. बायको डोळे मोठे करून मला नको नको म्हणत होती. पण आता मी कुणाचं ऐकतो? "हा कॅमेरा तुमचा! त्यातही तेच! म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचा दोष नाहीच!"

"मग कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"कापडाचा!" मी काउंटरवर मूठ आपटली.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "इथे पाहुणे दिवसभर फोटो काढत असतात हो," असं म्हणून त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात परत दिली.

वाटभर ती कापडाची घडी छातीशी धरून माझ्यापुढे चालत राहिली. दारात पोचल्यावर कुलूप काढता काढता शांतपणे म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं हं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ती आत गेली. माझा मात्र पाय उचलेना. तेव्हापासून मी बाहेर पायरीवरच बसलोय.