शिमोनमामांची तीनचाकी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. त्यामुळे मी लिहिलेलं चुकलं, तर दुरुस्त करणारंही कुणी नाही. तेवढं सांभाळून घ्यावं. पण शिमोनमामांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

नगरकडच्या बेलापुरातले आमचे हे शेजारी माणसाशी कमी आणि त्याच्या कंबरेशी जास्त बोलतात.

"काय रे, कंबर काय म्हनती?"

"मी बराय, मामा."

"तुला कोन इचारतंय? कंबरंला इचार."

मामा साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं वाकड्या हँडलची, बारीक टायरची रेसिंगची सायकल घेतली. मार्थामामींना मागं बसवता यावं म्हणून तिला स्वतःच्या हातानं कॅरिअर जोडलं. ते निखळलं, मामी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, पाय चालवत राहा. पण मामींनी उंबरा ओलांडणंच सोडलं.

मामांनी ती सायकल खोलली आणि तीन चाकांची नवीच बांधायला घेतली. मागं रेलायचं, पाय पुढं पसरायचे आणि पेडल मारायचं. आता खरी अडचण सीटची. ट्रॅक्टरची लावली, काढली. प्लास्टिकची खुर्ची कापून लावली, तीही काढली. जेवता जेवता उठून नट ढिले करायचे.

"मामा, गोधडी बी लावा की!" येणारे-जाणारे ओरडत.

"लावतो. अंगाई म्हनायला तू ये."

दर वेळी बसायला मात्र मी, आणि बसलो की लगेच 'कंबर काय म्हनती?' माझ्या पायांच्या मापानं पेडल पुढं-मागं व्हायचं. मी बुटका. मला वाटू लागलं, मी शिकायला नगरला जाणार म्हणून मामा ही मलाच देणार. मी मनात रंगसुद्धा ठरवला.

एकदा धीर करून म्हणालो, "मामा, लाल द्या."

"छ्या! मार्थीला लाल आवडत न्हाई."

मी सीटवरून उतरलो. मामा गडबडले. हातातला पाना उगाच फिरवत हळूच म्हणाले, "तुझी अन् तिची उंची सारखी हाय. तिला दहादा बस-ऊठ कसं म्हनू? एकदा पाडलंय मी तिला."

आतून मामी ओरडल्या, "मी न्हाई बसनार त्याच्यात! लोकं हसत्याल!"

मी होस्टेलला आलो. दर रविवारी आईला फोनवर विचारायचो, "बसल्या का?"

"न्हाई रे. मामा रोज पुसून दारात लावतो, सांजंला आत घेतो."

असे चार महिने गेले. काल आईचाच फोन आला.

"बसली रे! चर्चला गेली. मामा मागनं सीट धरून पळत हुता. तर म्हनती कशी, 'सोडा आता.'"

"मग?"

"सोडलं की. पन ती वळनाआड गेली, तरी हात तसाच पुढं धरून हुबा हुता."