कोफीची सुट्टी आणि रंभाबाईंचे पापड

दिनानाथराव नियम वाचायला बसले की घरात कोणाचं तरी नुकसान होतं, हे रंभाबाईंना एवढ्या वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं. रेशनिंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावरही त्यांच्यापाशी नियमांचा साठा भरपूर होता. लागू करायला माणसं तेवढी उरली नव्हती.

निमित्त झालं निनादच्या फोनचं. निनाद म्हणजे त्यांचा पुतण्या, आयर्लंडला शिकायला गेलेला.

"काका, कॉलेजला सुट्टी लागली. आता हॉटेलात फुल टाइम काम करता येतं. टर्म चालू असताना ठरलेल्या तासांच्या वर एक मिनिट नाही हां. नियम मोडला की थेट पनवेल!"

नियम म्हटल्याबरोबर दिनानाथरावांचे कान टवकारले. (एरवी "भाजी आणा" म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे.) आणि नेमका तेव्हाच गच्चीतून आवाज आला, धप्प, धप्प, धप्प.

वर कोफी पापडाचं पीठ कुटत होता. कोफी हा वरच्या खोलीतला भाडेकरू, घानाहून पनवेलला इंजिनिअरिंग शिकायला आलेला. मॅथ्सची केटी, म्हणजे पुन्हा द्यायचा राहिलेला विषय, तेवढी सोडली तर पोरगा हुशार. मराठी तो रंभाबाईंकडून शिकला होता आणि रंभाबाईंचं माहेर उरणचं, त्यामुळे ती मराठी कुठल्या गावची हे वेगळं सांगायला नको. सुट्टी लागली, पण एवढ्या लांब घरी जाणं परवडत नव्हतं. इकडे रंभाबाईंनी त्यांची मैत्रीण दमयंती हिच्या लेकीच्या रुखवताला पोह्याचे पापड द्यायचा शब्द देऊन ठेवलेला आणि ऐन वेळी त्यांचं मनगट धरलं. "काकी, माझी आजी उकडलेला कंद कुटून फुफू करते ना, ती असाच कुटते," म्हणत कोफीने मुसळ उचललं, ते खाली ठेवायलाच तयार नव्हता.

आपल्याकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी काय नियम आहे तेवढा बघून ठेवू, असा साधा विचार करून दिनानाथरावांनी मोबाइल उघडला. वाचता वाचता त्यांना घाम फुटला. इथे शिकायला आलेल्याने शिकायचं. नोकरी-धंदा नाही. सुट्टीतही नाही!

ते धापा टाकत गच्चीवर पोचले.

"थांब! मुसळ खाली ठेव!"

"काय झाला काका?"

"तू काम करतोयस!"

"नाय काका. मी कुटतोय."

"कुटणं म्हणजेच काम! आणि हे पापड घराबाहेर जाणार आहेत."

"अवो, मी त्याला पगार देतंय काय?" रंभाबाई उसळल्या.

"दुपारी बोंबलाचं कालवण आणि भाकरी कोण देतं? मोबदला आहे तो!"

"मंग पोराला काय उपाशी ठेवू?"

"उद्या पोलीस आले तर ह्याला घानाला पाठवतील आणि मला तळोजाच्या तुरुंगात!"

कोफीचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटचं वर्ष राहिलं होतं. त्याच्या आईने भाजीचं दुकान चालवून त्याला एवढ्या लांब धाडलं होतं. त्याने मुकाट्याने मुसळ भिंतीला टेकवलं. त्याच्याकडे बघून रंभाबाईंना गलबलून आलं, पण बोलल्या त्या नवऱ्यालाच.

"ठीक हाय. मंग तुमी कुटा."

दिनानाथरावांनी कुटलं. एक घाव पिठावर, एक अंगठ्यावर. मग लाटायला बसले. त्यांचा पापड एका बाजूने पातळ, दुसऱ्या बाजूने भाकरी. वाळत घातलेला एक तुकडा कावळ्याने उचलला, कठड्यावर बसून पाहिला आणि परत आणून ठेवला.

"लग्न तोंडावर आलंय," रंभाबाई म्हणाल्या. "चार बायकांत माझं नाक कापणार तुमी!"

तेव्हा दिनानाथरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. काम करायला बंदी आहे, शिकायला कुठे आहे? त्यांनी ताबडतोब पुठ्ठा रंगवला आणि फाटकावर टांगला: 'रंभाबाईंचा पापड प्रशिक्षण वर्ग'. आता कोफी विद्यार्थी आणि बोंबलाचं कालवण ही मेस. एकाच विद्यार्थ्याचा वर्ग संशयास्पद दिसेल म्हणून त्यांनी स्वतःचंही नाव घातलं. कोफीने पुन्हा मुसळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गच्चीभर पापड पसरले.

ते वाळून गोळा करायची वेळ आणि जिन्यात खाकी टोपी दिसायची वेळ एकच झाली.

"परदेशी पोरगा हितंच ऱ्हातो ना?" हवालदाराने विचारलं.

"राहतो! पण शिकतो!" दिनानाथराव कोफीच्या पुढे आडवे झाले. (कोफी त्यांच्यापेक्षा हातभर उंच, तो मागून सगळा दिसतच होता.)

"काय शिकतो?"

"पापड!"

"आन् तुमी?"

"मीसुद्धा!"

हवालदाराने कोफीचे पापड पाहिले. मग दिनानाथरावांचे पाहिले.

"ह्याचं शिकून झालेलं दिसतंय. तुमचं कठीण हाय."

"साहेब, ह्याला घेऊन जाऊ नका हो! गुणी पोरगा आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या!" दिनानाथरावांना खरोखरच रडू फुटलं. हे मात्र रंभाबाईंनी कौतुकाने पाहिलं.

"अवो, मी पापड न्यायला आलोय! मी धर्मराज. दमयंतीचा भाऊ, नवरीचा मामा. परदेशी पोरगा ऱ्हातो ते घर विचार, असं तिनंच सांगितलं."

नियमाची सगळी हकिगत ऐकून धर्मराज पोट धरून हसला. "काकींचं मनगट दुखतंय म्हून पोरानं मुसळ धरलं, ती काय नोकरी झाली? मंग लग्नात वाढायला उभी ऱ्हानारी आमची सगळी भावकी आत टाकायला लागंल. ए बाबा, हळदीला ये नाचायला! आन् काका, तो खालचा बोर्ड काढा. बिगर-परवान्याचा क्लास चालवताय, त्याचा नियम नाय वाचला?"

धर्मराज पापडांचे डबे घेऊन गेला. मागे उरली ती दिनानाथरावांची चळत.

"हे नापास," रंभाबाई म्हणाल्या. "घरात खायला."

कोफीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन नाय घ्यायचा काका. मला पन केटी हाय."

"म्हणजे पुन्हा द्यायची? जाऊ दे. लग्नाचं काम झालं, आता सुट्टी लागली ना मला?"

"नाय काका." कोफीने मॅथ्सचं पुस्तक काखेत मारलं आणि मुसळ त्यांच्या हातात दिलं. "केटीवाल्याला सुट्टी नाय. नियम हाय."