नागोरावकाकांची हिरवी झेंडी

नागोरावकाकांनी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय आमच्या सायकली हलत नाहीत. हे मी अलंकारिक बोलत नाही. बरकतपुऱ्यातले आम्ही सात-आठ मराठी लोक दर रविवारी सकाळी मुसी नदीच्या काठच्या सायकलवाटेवर जातो आणि काका खरोखर शिट्टी फुंकून खरोखरची झेंडी हलवतात. चौतीस वर्षं ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गाडी अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

त्यांच्या सायकलीमागे 'एल.व्ही.' रंगवलेला पत्रा टांगलेला असतो. म्हणजे शेवटचा डबा. तो दिसला की गाडी पूर्ण आली, मधे काही सुटलं नाही, असं स्टेशनवाल्यांनी समजायचं. म्हणून काका कायम सगळ्यांच्या मागे. कुणाची चेन उतरली, कुणी बगळ्यांचे फोटो काढत रेंगाळलं, की शिट्टी! "लाईन क्लिअर नै." एकदा वाटेत म्हशी बसल्या होत्या. बाजूनं सहज जाता आलं असतं, पण काकांनी पंचवीस मिनिटं लाल झेंडी खाली घेतली नाही. म्हशींनाही रेल्वेतच नोकरी असावी, इतक्या त्या निवांत होत्या.

नदीचा वास नाकात शिरणार नाही अशी वाऱ्याची दिशा सांभाळली तर वाट देखणी आहे. काठानं हिरवं गवत, पुढे जुना दगडी पूल. पण मी पडलो मूळचा पुण्याचा, सहनशक्ती बेताची. एका रविवारी वाटेतल्या चहाच्या टपरीवर मी बोलून गेलो, "पुढच्या वेळी काकांना न सांगताच निघू या. एकदा तरी वेळेवर घरी पोचू." सगळे हसले. टपरीमागे कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो पंपाचा आवाज तेवढा थांबला.

पुलाखाली वाट खोल उतरते आणि पाण्याला जवळजवळ टेकते. लख्ख ऊन होतं, पण रात्री वर, नदी जिकडून येते त्या विकाराबादकडे, धो धो पाऊस पडला होता. उताराच्या तोंडाशी आम्ही झेंडीसाठी थांबलो, तेव्हा मागून आलेले काका थबकले.

"पाणी तांबडं व्हायलंय," ते म्हणाले.

"काका, ह्या काळ्याकुट्ट मुसीचा रंग बदलला तर पेढे वाटू," मी म्हणालो. पुन्हा हशा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका शब्दानं वाद न घालता हिरवी झेंडी दाखवली.

माझी बारा वर्षांची सई सगळ्यांच्या पुढे होती. आम्ही पुलाखाली शिरलो आणि चाकांखाली पाणी आलं. बघता बघता घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. सायकली ओढल्या जायला लागल्या. पुढून सईची किंकाळी आली, "बाबा!" मी सायकल टाकून धावलो आणि शेवाळावरून घसरून आडवाच झालो. उठावं म्हटलं तर पायच टेकेनात.

माझ्या शेजारून काका गेले. बहात्तर वर्षांचा माणूस! "पुलाची भिंत धरा! सगळे भिंत धरा!" त्यांनी सईचा दंड पकडला. "सायकल सोड, पोरी. सोड म्हणतो ना! जाऊ दे तिला." दोघं भिंतीला चिकटून पाऊल पाऊल मागे आले. तोवर मीही भिंत धरून उठलो होतो. सईला माझ्या हाती देऊन ते परत पाण्यात वळले आणि एकेकाला चढावर ढकलत राहिले. स्वतः सगळ्यांत शेवटी वर आले.

काठावर सई मला बिलगून रडत होती. मी काकांचे हात धरले. "काका, तुम्ही होतात म्हणून..."

"नक्को, पुणेकर. आभार नक्को." त्यांनी हात सोडवून घेतले. "पाणी चढायलंय, मला दिसलं होतं. चौतीस वर्षांत लाईन क्लिअर नसताना कधी गाडी सोडली नै. आज सोडली."

"का?"

"टपरीमागं मीच होतो. तुम्ही म्हणालात न्, काकाला सोडून जाऊ. सोमवार ते शनिवार माझ्याशी कुणी बोलत नै हो. म्हटलं, आज अडवलं तर रविवारपण जाईल. ह्या पोरीचा जीव गेला असता. आता तर नैच बोलवणार तुम्ही मला."

असं म्हणून ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता पॅंटचं पाणी पिळायला लागले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांच्या पावलांवरचा चिखल हातानं पुसू लागलो.