दुसऱ्या ग्रहावरची विहीर

“पळा होऽऽ! पळा होऽऽ! बाहेर पळा होऽऽ!”

सकाळचे सात वाजले असतील. मी कणीक मळत होते. हाताला कणीक तशीच ठेवून मी रस्त्यावर आले. माडीवर राहणाऱ्या पोरी जिन्यावरून एकमेकींच्या अंगावर पडत खाली आल्या. समोरचे बिरादार सर अर्ध्या गालाला फेस लावलेला तसेच बाहेर आले. त्यांची बायको गॅस बंद करायला परत आत पळाली आणि सर तिच्यावर ओरडले. एकानं सासऱ्याला पाठीवर घेतलं होतं. एकीनं टीव्ही उचलून आणला होता. सासरा घरात राहिला होता, ते तिच्या लक्षात नंतर आलं.

सगळी गल्ली भिंतींकडं बघत उभी राहिली. काही हललं नाही. मग माझ्या शेजारच्या रशीदभाईंच्या खिडकीतून धडाम, धडाम असे आवाज आले आणि पाठोपाठ त्यांचा स्वतःचा आवाज आला, “एक... दोन... तीन... चार.” जरा वेळानं, “चारच? पाच भरले होते की!”

बिरादार सर खिडकीशी गेले. मीही गेले. रशीदभाई टोपीवरून कानाला ते ऐकायचं यंत्र लावून कॉम्प्युटरला नाक टेकून बसले होते. समोर लाल उजाड जमीन, वर काळं आभाळ, आणि मध्ये धूळ. आमची चाहूल लागल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं. सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती.

“काय झालं सर? भूकंप झाला का?”

बिरादार सर काय बोलले ते मी लिहीत नाही. ते शिक्षक आहेत.

आमच्या गल्लीतली निम्मी घरं भूकंपानंतर खेड्यांतून उठून लातूरला आलेली आहेत. इथं कोणी मोठ्यानं ‘बाहेर पळा’ म्हणत नाही. लेकरांना खेळतानासुद्धा म्हणू देत नाहीत. ही गोष्ट रशीदभाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण त्यांचा इलाज नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी विहिरींत सुरुंग उडवले. वात पेटवायच्या आधी तीन हाका द्यायच्या, हा त्या कामाचा कायदा. हाक न देता बार उडवणारा माणूस त्यांच्या हिशोबी माणूसच नाही. मग विहीर चाकूरच्या शिवारात असो की दुसऱ्या ग्रहावर.

बिरादार सर फिजिक्स शिकवतात. त्यांनी रशीदभाईंना बसवून समजावलं. “रशीदभाई, तुमच्या त्या ग्रहावर हवा नाही. हवा नसली की आवाज जात नाही. तुमची हाक तिथं कोणालाच ऐकू येणार नाही.”

रशीदभाईंनी विचार केला. म्हणाले, “मग तर लईच जोरात वरडावं लागंल, सर.”

हा खेळ त्यांच्या घरात मीच घातला, म्हणून दोष माझाही आहे. माझी माडी मी क्लासच्या पोरींना भाड्यानं देते. प्रणिता म्हणून एक नांदेडकडच्या लोह्याची मुलगी होती, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणारी. तिच्या वडिलांनी घरबसल्या सराव परीक्षा द्यायला तिला कॉम्प्युटर घेऊन दिला. तिनं त्यात हा खेळ भरला. विमानासारखं एक जहाज असतं. ते घेऊन ग्रहाग्रहांवर उतरायचं, गाडीतून हिंडायचं, किरणांनी नाहीतर सुरुंगांनी जमीन फोडायची आणि आत निघतील ते दगडधातू भरून आणायचे. मला हे कळलं तेव्हा मी कॉम्प्युटर उचलला आणि शेजारी रशीदभाईंकडं नेऊन ठेवला. पोरीनं येऊन मागितला तरी द्यायचा नाही, असं बजावलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण परीक्षा म्हणजे काय ते मला कळतं.

प्रणितानं माझ्याशी भांडण केलं नाही. ती सरळ रशीदभाईंकडं गेली. “चाचा, माझी तिथं दोन यंत्रं चालू आहेत. ती रोज रिकामी करावी लागतात. तेवढं कराल का?”

शेजारी गावाला गेला तर त्याच्या म्हशीला आपण पाणी पाजतोच. रशीदभाईंनी त्याच भावनेनं होकार दिला. बायको गेलेली, मुलगी हैदराबादला दिलेली, गुडघे धरलेले. कोणाचं काही करायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं. आठ दिवसांत यंत्रं रिकामी करता करता त्यांनी किरण हातात घेतला. महिन्याभरात मला भाजी निवडता निवडता ऐकून घ्यावं लागलं, “अक्का, वरती मुरूम दिसतो, पण खाली सगळा काळा पाषाण हाय. जमीन दगाबाज हाय.”

मी म्हटलं, “कुठली जमीन?”

त्यांनी बोट वर केलं.

या खेळात वरवरचं गोळा करून पुढं जायचं असतं, असं प्रणिता सांगायची. दर रविवारी दुपारी एक तास तिला तिकडं जायला मी परवानगी दिली होती, कारण नाहीतर ती रोज चोरून गेली असती. ती गेली की दोघांची कटकट मला भिंतीपलीकडून ऐकू यायची.

“चाचा, ही खाण आहे. इथं थोडं, तिथं थोडं घ्यायचं आणि गाडी पुढं न्यायची.”

“वरवर उकरायला मी काय कोंबडी हाय का?”

त्यांनी एकच जागा धरली आणि सरळ खाली गेले. गोल, ओळंब्यात, विहिरीसारखी. आतून भिंतीला वळणा-वळणानं पायऱ्या. निघालेला डबर काठावर टाकायचा नाही, लांब नेऊन टाकायचा, नाहीतर भार येऊन काठ आत येतो. खेळात काठ आत येत नाही, असं प्रणितानं शंभरदा सांगितलं. “तुझ्या वक्ताला न्हाई आला. उद्या यील,” असं त्यांचं उत्तर. खोलीसुद्धा ते परसात मोजायचे, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीनं. यंत्र मीटर दाखवायचं. यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता.

एकदा कुठल्या देशातला कोणी खेळाडू जहाज घेऊन त्या ग्रहावर उतरला. काठाशी येऊन बराच वेळ खाली बघत उभा राहिला आणि त्यानं इंग्रजीत लिहून विचारलं की हे काय आहे. रशीदभाईंनी प्रणिताला उत्तर लिहायला लावलं. “लिही, ह्याला विहीर म्हणत्यात, मालक. पाणी लागलं की बोलावतो.” तिनं खरंच तसं लिहिलं. तो माणूस परत आला नाही.

पाणी लागणार नव्हतंच. मी हे बोलून दाखवलं. त्यांना राग आला. “अक्का, पाणी न्हाई लागलं म्हणून विहीर वाईट व्हती का?”

त्यांचा तोरा एकाच गोष्टीचा होता. “चाळीस वर्षांत मी कधी विहिरीत अडकलो न्हाई. माझा एक गडी अडकला न्हाई.” हे ते दूधवाल्याला सांगायचे, रेशनच्या रांगेत सांगायचे, लग्नात वाढप्याला सांगायचे. त्या खेळात तर हे फारच महत्त्वाचं होतं, कारण प्रणितानं तो कडक नियमांचा निवडला होता. आपला माणूस एकदा हवा संपून मेला की सगळं गेलं. जहाज, यंत्रं, दोन वर्षांची कमाई, काही परत मिळत नाही. रशीदभाईंना हा नियम पसंत होता. “खाली बी असंच असतं,” म्हणायचे.

मग परीक्षेचा निकाल लागला. प्रणिताची ती दुसरी खेप होती. नंबर लागला नाही. थोडक्यात गेला. थोडक्यात गेलेला जास्त वाईट.

तिनं खोलीला आतून कडी घातली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, रडू दे. संध्याकाळी दारात ताट ठेवलं, ते सकाळी तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार बडवलं. उत्तर नाही. लातुरात निकालाच्या आठवड्यात एखादं दार असं बंद राहिलं की घरमालक त्या दारापासून हलत नाही. का ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. खिडकीच्या फटीतून ती भिंतीला टेकून बसलेली दिसत होती, एवढाच धीर. तिचे वडील लोह्याहून निघाले होते. तोवर ते फोनवरून ओरडत होते, “बाहेर ये म्हणावं तिला!” मी दाराला फोन लावून धरला. बिरादार सर आले. “बाळा, पुढच्या वर्षी नक्की होईल, मी स्वतः लक्ष घालतो.” सर मला हळूच म्हणाले, “सुताराला बोलावू का?”

सुतार येण्याआधी रशीदभाई आले. पंधरा पायऱ्यांचा जिना त्यांना चढवत नाही. कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून आले. आम्हाला हातानं बाजूला केलं आणि दाराला पाठ लावून खाली फरशीवरच बसले. दम खाल्ला.

“प्रणिता, जरा घोळ झाला बघ. मी विहिरीत अडकलो.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

“खाली गेलतो. पायऱ्या ढासळल्या. आता वर यायला वाट न्हाई. तुझा माणूस खालीच हाय. मला काय सुचंना झालंय.”

सर काहीतरी बोलायला निघाले तर रशीदभाईंनी त्यांचं धोतर, म्हणजे पँट, धरून ओढली.

बऱ्याच वेळानं आतून बसका आवाज आला. “किती खोल?”

“अकरा परस.”

“चाचा, मीटरमध्ये सांगा.”

“मला काय माहीत मीटर.”

“हवा किती उरलीय?”

“तो निळा पट्टा हाय न्हवं, तो बोटाच्या पेराएवढा ऱ्हायलाय.”

“तुम्ही खेळ चालू ठेवून इकडं आलात?”

“मग काय करू? बंद करायचं बटन सापडंना.”

“अहो चाचा!” आणि कडी निघाली.

केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, तशीच ती आमच्या मधून धावत खाली गेली. रशीदभाई मागून एकेक पायरी उतरले. मी जाऊन बघितलं तेव्हा ती कॉम्प्युटरपुढं बसून त्यांना झाडत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते. भिंतीतच तिरपी वाट कापत, वाटेत सापडेल त्या दगडातून हवा करून घेत, तिनं त्या माणसाला वर आणलं. दीड तास लागला. मी मुरमुऱ्यांचा सुशीला करून नेला. पहिले चार घास तिनं पडद्यावरची नजर न काढता खाल्ले, मग ताट मांडीवर घेतलं. संध्याकाळी वडील आले तेव्हा ती रशीदभाईंना विचारत होती, “पायऱ्या ढासळल्याच कशा?”

“वय झालं विहिरीचं,” ते म्हणाले.

जाताना तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “आजी, चाचांनी पायऱ्या स्वतः उडवल्यात. खाली उतरून, खालून वर. बारांच्या खुणा होत्या भिंतीला. मला बघितल्याबरोबर कळलं.”

मला ती सांगायच्या आधीच कळलं होतं. त्या सकाळी मी बार ऐकले होते. पाठोपाठ. त्या दिवशी त्यांनी हाक दिली नव्हती.

प्रणिता आता नांदेडला नर्सिंग शिकते. डॉक्टर झाली नाही. बरी आहे. कॉम्प्युटर तिनं रशीदभाईंनाच ठेवला. रशीदभाई दूधवाल्याला आता सांगतात, “चाळीस वर्षांत एकदाच अडकलो. एका पोरीनं काढलं.” वाढप्यालाही हेच सांगतात. त्यांना त्याची लाज वाटत नाही.

त्यांची ही रीत मला नवीन नव्हती.

भूकंपाच्या सकाळी ते चाकूरकडं एका विहिरीवर होते. बहिणीसाठी ते आमच्या गावाला आले. बहिणीचं घर पलीकडच्या आळीत होतं. वाटेत त्यांना आमच्या घराच्या दगडमातीखालून आवाज आला, म्हणून ते तिथं थांबले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. एक फट होती, त्यातून बोलणं यायचं.

“बाई, मला तुमच्या घराचं काही कळंना. मी परगावचा. तुळई कुठल्या अंगाला व्हती, तुम्ही सांगा. मी तसं काढतो.”

मी सांगितलं. जरा वेळानं पुन्हा विचारलं, चूल कुठं होती. कोठीची भिंत कुठं. दार कोणत्या दिशेला. मी सांगायची, ते दगड काढायचे, आणि पुन्हा तेच विचारायचे. तुळईचं तर चारदा विचारलं. माझा आवाज बारीक होऊन डोळे मिटायला लागले की विचारायचे. मला इतका राग आला की मी खालून शिवी दिली. एवढं सांगूनही या माणसाला कळत कसं नाही, म्हटलं. ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत असंच चाललं. पुढं ते विहिरीवाले आहेत हे कळलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भार कुठं आहे आणि दगड कुठून काढायचा, हे असल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

बहिणीच्या घराशी ते दुसऱ्या दिवशी पोचले. तिथलं कोणी निघालं नाही. आम्ही घरात सहा जण झोपलो होतो. त्यातली मी एकटी जिवंत निघाले.