चंद्रावरच्या लोखंडाचा भाव

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, चंद्रावरच्या लोखंडाचा भाव आज सकाळी पालघरच्या गुरांच्या बाजारात ठरला आहे. चंद्राला अद्याप कळवलेले नाही.

ठरवणारे आमचे शेजारी भास्करभाऊ, शिरगावचे गुरांचे दलाल. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून मुकाट्यानेच भाव करायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. पण तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि तिथल्या कुणा इंजिनियरने त्यांना सांगितलं, की माणूस आता चंद्रावर जाणार, तिथे लोखंड आहे, आणि तिथे वजन हलकं भरतं. झालं! भाऊंनी बैल सोडला आणि चंद्र धरला.

"तिथं तोलून घ्यायचं, हितं तोलून विकायचं! असा नफा म्हशीत हाय काय?"

बोईसरच्या एका मुकादमाचा हात त्यांनी माझ्यादेखत उपरण्याखाली ओढला.

"भाऊ, माल कब आयेगा?"

"रॉकेट आल्यावर."

"और रॉकेट?"

"ते आमच्या दलालीत नाय येत."

बाजार खो खो हसायचा, आणि भाऊंची पाठ वळली की चिडायचा. कारण घरी भाऊंच्या बायकोला, आमच्या काकींना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं हलवत राहा, नाहीतर हात कायमचा गेला. ज्या काकींच्या दारात पापलेटाची टोपली उतरवायला कोळणी त्यांच्या घासाघिशीमुळे घाबरायच्या, त्या आता भिंतीकडे तोंड करून पडायच्या. "त्यात जीव नाय. ऱ्हाऊ दे."

"बायको अंथरुणाला खिळलीय आणि हे चंद्र विकतायत!" आमची सौभाग्यवती कडाडली. म्हणून एका संध्याकाळी मी भाऊंना चार शब्द सुनवायला निघालो. मनात भाषणही तयार होतं.

ते दारातच राहिलं.

भाऊ खाटेला टेकून बसले होते. उपरण्याखाली काकींचा उजवा हात.

"मंगळावरचं तांबं हाय. पसंत नाय? बरं. मग चंद्राचं लोखंड घ्या. काल बोईसरच्या मुकादमानं चांगला भाव केलाय."

भाऊंनी उपरणं सारखं केलं. काकींचं तोंड भिंतीकडेच.

"खोटं नाय सांगत. हात धरून आलोय त्याचा."

म्हणजे ती बोटं हलावीत म्हणून हा माणूस रोज बाजार पालथा घालून घरी आणत होता ते काकींच्या तोडीचं एक खरंखुरं गिऱ्हाईक!

"आज तर पाम गावची एक बाई आलीवती," भाऊ पुढे सरकले. "म्हनाली, तुमच्या बायकोला भाव करता येत नाय. मलाच द्या सगळा चंद्र. देऊ तिला?"

उपरणं हललं.

पुढच्या क्षणी भाऊंनी तो हात दोन्ही हातांनी असा आवळला, की काकींनी भिंतीकडचं तोंड गर्रकन इकडे वळवलं.

"अवो, सोडा! दुकतंय ना!"