पाटीवरचा भाव

"साठ सेडी. वर एक पेसेवाही नाही," शिलाई मशीन न उघडताच मास्टर क्वान्सा म्हणाले आणि अंगठ्याने मागची पाटी दाखवली. 'भाव एकदाच. मागाहून वाढ नाही.' घानातल्या ताकोराडी शहराच्या त्या गल्लीत दुरुस्तीवाले पाच, पण अशी पाटी एकट्या मास्टरांची. तिच्याच जोरावर त्यांचं दुकान चालत होतं.

"लवकर करा हं, मास्टर," अराबा शिंपीण म्हणाली. "रविवारच्या चर्चसाठी तुमचाच सदरा शिवायचाय."

"सुई अडकते ना? अर्ध्या तासाचं काम!"

झाकण काढलं, तर पट्टा तुकड्यातुकड्यांनी हातात आला. मास्टरांनी पाटीकडे पाहिलं, मग खिशाकडे, आणि निमूटपणे नवा पट्टा आणला. आता चाक हलेना. तळ उघडला, तर दातेरी चाकांत एका पालीने संसार थाटलेला, अंड्यांसकट. पाल उडाली ती थेट समोर मक्याचे आंबट उंडे, डोकोनो, विकणाऱ्या एसी मावशींच्या वाटलेल्या मिरचीत.

"अगं बाई! माझी आख्खी मिरची गेली!"

मिरचीही मास्टरांनीच भरून दिली. पालीखालचं चाक गंजून बोडकं झालं होतं. नवं नव्वद सेडीला पडलं.

शुक्रवारी अराबा आली तेव्हा मास्टरांनी घसा खाकरला. "मॅडम, आत जरा वेगळंच निघालं. पाल होती."

"पाल माझी, कबूल. पण पाटी तुमची."

एसी मावशींनी समोरून पाटी खणखणीत आवाजात वाचून दाखवली. मिरचीचा राग अजून उतरला नव्हता. मास्टरांनी साठ सेडी खिशात टाकले. गेले होते एकशे पस्तीस.

शनिवारी ते सदरा आणायला गेले. शिलाईचे एकशेवीस आगाऊच दिलेले. सदरा अंगात गेला, पण बटणं आणि काजं यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं.

"मॅडम, हे काय?"

"मीही तेच विचारतेय," अराबा त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाली. "गेल्या ईस्टरला हे इथं नव्हतं."

"माप घ्यायचं होतं!"

"घेत होते, तर तुम्हीच म्हणालात, 'माप वहीत आहे, माणूस तोच आहे.' आता दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडायच्या. कापड आणि मेहनत धरून चाळीस होतील."

मास्टरांचा चेहरा उजळला. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. "भाव एकदाच, मॅडम! मागाहून..."

काल आपल्याला कसं वाटलं होतं, ते त्यांना आठवलं. चाळीस तिच्याही खिशातूनच जाणार होते. ते ओशाळून हसले.

"पोट माझंच आहे," ते म्हणाले. "चाळीस घ्या."

अराबाने पैशांचा डबा उघडला आणि नव्वद सेडी मोजून त्यांच्यापुढे ठेवले. "चाकही माझ्याच मशीनचं होतं. आता तुमचे चाळीस द्या."

मास्टर घरी जाण्याआधी दुकानात शिरले. पाटी उतरवून जुनी अक्षरं पुसली आणि नवी लिहिली: 'आधी उघडू, मग बोलू.' रंग ओला असतानाच अराबा टेप घेऊन दारात हजर.

"हात वर करा, मास्टर. आणि पोट आत ओढू नका. पाटी वाचलीय मी."